धूमकेतूची शेपटी नेहमी त्याच्या मागेच असते का?

नाही. 'शेपटी' या शब्दामुळे तसा समज होतो. आपल्याकडचा जुना 'शेंडेनक्षत्र' हा शब्द मला त्या मानाने अधिक निर्दोष वाटतो. धूमकेतूचे केंद्रक म्हणजे बर्फ, गोठलेले वायू, धूळ आणि खडक यांचा बहुधा काही किलोमीटर व्यासाचा गोळा असतो. सूर्यापासून दूर असताना तो निष्क्रिय असतो. जवळ येताच बर्फाची थेट वाफ होऊ लागते, तिच्याबरोबर धूळ उधळली जाते आणि केंद्रकाभोवती विरळ वायूचे आवरण तयार होते. या आवरणातील विद्युतभारित कणांना सौरवारा, म्हणजे सूर्यातून सतत बाहेर वाहणारा कणांचा प्रवाह, सूर्याच्या विरुद्ध दिशेने रेटतो, त्यामुळे निळसर, सरळ शेपटी दिसते; धुळीच्या सूक्ष्म कणांवर मात्र सूर्यप्रकाशाचा दाब पडतो आणि ते मागे रेंगाळत गेल्याने दुसरी, पिवळसर व किंचित वाकलेली शेपटी तयार होते. म्हणूनच सूर्याला वळसा घालून परत जाणाऱ्या धूमकेतूची शेपटी त्याच्या पुढे असते.

हॅलेचा धूमकेतू हे धूमकेतूंचे परिचित उदाहरण आहे. सुमारे 76 वर्षांनी परतणाऱ्या या धूमकेतूच्या जवळून 1986 मध्ये 'जोत्तो' हे युरोपीय यान गेले, तेव्हा त्याचे सुमारे 15 किलोमीटर लांबीचे केंद्रक कोळशासारखे काळे असल्याचे दिसले. एवढ्या तेजस्वी दिसणाऱ्या वस्तूचे मूळ इतके काळे असावे, हे आश्चर्यकारकच होते. तो 2061 मध्ये पुन्हा सूर्याजवळ येईल.