घटस्फोट होईपर्यंत एकाच घरात राहता येतं का?

प्रश्न: आम्ही दोघंही नोकरी करतो. हिंदू पद्धतीने लग्न झालंय. मारहाण, छळ काही नाही, पण आता पटत नाही, म्हणून म्युच्युअल घटस्फोट घ्यायचं ठरलं आहे. गेल्या दिवाळीपासून वेगळ्या खोल्यांत राहतो. लातूरचा फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, कर्ज चालू आहे. मुलगी दहावीत, मुलगा तिसरीत. मुलीची परीक्षा होईपर्यंत इथेच राहावं असं दोघांनाही वाटतं. नातेवाईक म्हणतात, एका घरात राहिलात तर घटस्फोट मिळत नाही. माहेरी उदगीरला गेले तर घरावरचा हक्क जातो, असंही सांगतात. काय करू?

उत्तर: ताई, दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब साठी, म्हणजे परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी, अर्जाआधी सलग एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. पण सुरेष्टा देवी खटल्यात 1991 सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की वेगळं राहणं म्हणजे पती-पत्नी म्हणून न राहणं. छत एक असलं तरी चालतं. अडचण येते ती तारखेची. अर्जात एक तारीख, न्यायालयाच्या समुपदेशकासमोर नवऱ्याच्या तोंडून दुसरी, आणि तिथेच शंका उभी राहते. ‘दिवाळीपासून’ एवढं पुरत नाही. दिवाळी तिथीने मागे-पुढे होते, त्यामुळे यंदाच्या दिवाळीला वर्ष भरलेलं असेलच असं नाही. इंग्रजी तारीख ठरवा आणि ती आजच एकमेकांना ई-मेलने लिहून कळवा. मधल्या काळात पुन्हा संबंध आले तर वर्षाची मोजणी नव्याने सुरू होऊ शकते. शिवाय उद्या बोलणी फिसकटून कोणी क्रूरतेच्या कारणावर एकतर्फी घटस्फोट मागितला, तर याच कायद्याच्या कलम 23 खाली ‘तुम्ही ते माफ केलं होतं’ असा बचाव समोरच्याला मिळतो.

घर सोडल्याने मालकी जात नाही. तुमचं नाव खरेदीखतावर आहे. नसतं तरी 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम 17 सामायिक घरात राहण्याचा हक्क देतं. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ते सामायिक घर ठरू शकतं, हे 2020 मध्ये सतीशचंद्र आहुजा खटल्यात स्पष्ट झालं. तरीही मुलांना इथे ठेवून तुम्ही एकट्या उदगीरला जाऊ नका, असंच मी सांगेन. कारण घर नव्हे, मुलं. ताब्याचा प्रश्न आला की मुलांची बसलेली घडी मोडायला न्यायालय सहसा तयार होत नाही, आणि ती घडी तुमच्याशिवाय बसलेली असेल.

आता खरं काम. 500 रुपयांच्या मुद्रांकावर तात्पुरता करारनामा करा, दोघांनी सह्या करा, नोटरी करा. न्यायालयाच्या हुकुमासारखी त्याची अंमलबजावणी होत नाही, पण पुरावा म्हणून तो मोलाचा असतो. वेगळं राहण्याची तारीख पहिल्याच कलमात घ्या. कोणती खोली कोणाची, आणि दुसऱ्याने न विचारता आत जायचं नाही, हेही लिहा. मुलांचे वार वाटून घ्या: ज्याचा वार, त्याने डबा, ट्यूशनला ने-आण, अभ्यास, आजारपण सगळं बघायचं, दुसऱ्याने त्या दिवशी सूचना करायच्या नाहीत. पैशांत फी, वीजबिल, सोसायटीचा मेंटेनन्स आणि कर्जाचा हप्ता यांचे वाटे आकड्यांत लिहा. पाण्याचंही लिहा, हे लातूरकरांना वेगळं सांगायला नको. नळ येतो त्या दिवशी भरणार कोण आणि टँकरचे पैसे देणार कोण, यावरून पेटलेलं भांडण पोलीस ठाण्यापर्यंत जातं. नातेवाइकांचा मुक्काम दोघांच्या संमतीशिवाय नको. आणि शेवटची तारीख हवीच. परीक्षा संपल्यावर एक महिना पुरे. शेवट न ठरवलेली व्यवस्था वर्षानुवर्षं रेंगाळते आणि मुलांना आई-बाबा पुन्हा एकत्र येतील अशी आशा लागून राहते.

मुलांच्या कागदपत्रांचं बहुतेक जण विसरतात. निकाल लागेपर्यंत एकमेकांच्या लेखी संमतीशिवाय कोणीही टीसी काढणार नाही, अशी अट घाला. आरक्षणातून प्रवेश घ्यायचा असेल तर जात वैधतेसाठी वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या माणसांचे जुने दाखले लागतात. आज संबंध बरे आहेत तोवर त्यांच्या प्रती मागून दोन संच करून ठेवा. बारावीनंतर ऐन प्रवेशाच्या वेळी ते मिळवणं फार जड जातं.

वर्ष भरलं की लातूरच्या कौटुंबिक न्यायालयात संयुक्त अर्ज करा. दुसरा टप्पा, म्हणजे दोघांनी न्यायालयात पुन्हा संमती सांगणं, अर्जापासून 6 महिन्यांनंतर आणि 18 महिन्यांच्या आत येतो. ही 6 महिन्यांची अट न्यायालय माफ करू शकतं (अमरदीप सिंग, 2017), पण तुम्ही मागू नका. नोव्हेंबर-डिसेंबरात अर्ज केलात तर परीक्षा मधल्या काळातच उरकते. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं, हे मात्र ध्यानात असू द्या.

म्हणून घराचा व्यवहार आणि दुसरा टप्पा एकाच आठवड्यात बसवा. फ्लॅटचं पूर्ण वर्णन कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे न्यायालयात दोघांनी दिलेल्या संमतीच्या अटींत, घाला. पती कोणताही मोबदला न घेता हिस्सा देणार असतील तर बक्षीसपत्र हुकूमनाम्याच्या आधी करा. पती-पत्नीमधल्या राहत्या घराच्या बक्षीसपत्राला मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, अधिभार आणि नोंदणी खर्च वेगळा. घटस्फोटानंतर ते नातं उरत नाही, सवलतही जाते. पैसे देऊन हिस्सा घेणार असाल तर ते बक्षीसपत्र होत नाही. दोन्ही बाबतींत बँकेचं ना हरकत पत्र आधी घ्या. ‘हप्ते पतीने भरावेत’ असं हुकूमनाम्यात लिहिलं तरी बँकेला ते बंधनकारक नाही. कर्जातून तुमचं नाव निघेपर्यंत थकबाकीसाठी बँक तुमच्या दारात येऊ शकते.

यातच कधी कुलूप बदललं गेलं किंवा हात उगारला गेला, तर करारनामा बाजूला ठेवा. न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 12 खाली अर्ज करून कलम 19 चा निवासाचा आदेश मागा. पहिली तारीख साधारणपणे 3 दिवसांत लागायला हवी. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील देतं. त्यासाठीचा फोन क्रमांक 15100.