वाचक विचारतात : गाडीतला दोष, रिकॉल आणि चेसिस नंबर

खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातून आलेल्या पत्रांपैकी वाहनदोषाविषयीची चार पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. रिकॉल म्हणजे दोष आढळल्यावर कंपनीने त्या प्रकारच्या गाड्या परत बोलावणे. पत्रलेखकांनी कंपन्यांची आणि शोरूमची नावे कळवली होती. ती येथे छापलेली नाहीत, कारण दोष अजून सिद्ध व्हायचा आहे आणि उत्तर कोणत्याही कंपनीच्या गाडीला सारखेच लागू पडते.

प्रश्न : आमची पेट्रोल कार २०२२ मध्ये बेळगावात घेतली. कामानिमित्त गोव्याला चोर्ला घाटातून नेहमी जावे लागते. जांबोटी सोडल्यावर वळणांच्या रस्त्यावर दोनदा स्टिअरिंग अचानक जड झाले आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की सगळे पूर्ववत होते. शोरूममध्ये संगणक लावून ‘आता काही दिसत नाही, नॉर्मल आहे’ असे सांगून परत पाठवतात. याच मॉडेलच्या मालकांच्या व्हॉट्सअॅप गटात अनेकांची हीच तक्रार आहे. ही तक्रार कोठे करावी आणि आमच्या गाडीचा रिकॉलमध्ये समावेश कसा होईल? (खानापूर तालुक्यातील वाचक)

उत्तर : आजच्या बहुतेक गाड्यांचे पॉवर स्टिअरिंग विजेच्या मोटरवर चालते. सेन्सर, जोडणीचा कनेक्टर, नियंत्रक किंवा बॅटरीचा विद्युतदाब यांपैकी कोठेही बिघाड झाला तर ती मोटर मदत थांबवते. स्टिअरिंग तुटलेले नसते, परंतु ते वळवायला एकदम खूप जास्त जोर लागतो आणि घाटातल्या आखूड वळणावर तेवढ्यानेही अपघात होऊ शकतो. म्हणून ‘बंद करून चालू केले की बरे होते’ यावर समाधान मानू नये, अशी माझी आपल्याला आग्रहाची विनंती आहे. प्रथम बॅटरी आणि तिच्या तारांची टोके तपासून घ्या. कमजोर बॅटरीमुळेही हा दिवा लागतो आणि तसे असल्यास तो देखभालीचा प्रश्न ठरतो, निर्मितीतला दोष ठरत नाही.

बॅटरी ठीक असूनही दिवा लागत असेल तर पुढची लढाई कागदाची आहे. बिघाड झाला की गाडीचा नियंत्रक त्याचा एक संकेतांक साठवून ठेवतो. सर्व्हिस सेंटरमधील तंत्रज्ञ स्कॅनर लावून तो वाचतो आणि पुष्कळदा लगेच पुसूनही टाकतो. तो पुसला गेला की आपल्याजवळ पुरावा म्हणून काहीच राहत नाही. म्हणून स्कॅनर लावण्यापूर्वीच संकेतांकाची छापील प्रत मागावी, किमान पडद्याचे छायाचित्र घ्यावे आणि मगच तो पुसू द्यावा. जॉबकार्डावर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदपत्रावर, ग्राहकाची तक्रार लिहिण्याची जागा असते. तेथे सल्लागार ‘स्टिअरिंग चेक’ असे दोन शब्द लिहून मोकळा होतो. ते मान्य करू नका. ‘ताशी ३० किलोमीटर वेगाने चढावर डावीकडे वळत असताना पिवळा दिवा लागला, स्टिअरिंग जड झाले, गाडी थांबवून बंद-चालू केल्यावर दिवा गेला,’ असे तारीख आणि किलोमीटरच्या आकड्यासह लिहून घ्या आणि त्याची प्रत घेतल्याशिवाय किल्ली ताब्यात घेऊ नका. जॉबकार्ड न करता ‘सहज बघून देतो’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा, कारण ज्या भेटीची नोंद नाही ती भेट कंपनीच्या लेखी झालेलीच नसते.

आता तक्रारीच्या जागा. पहिली जागा म्हणजे कंपनीचे मुख्य ग्राहक कार्यालय. तेथे ईमेलने चेसिस नंबर (आरसीवर असणारा गाडीचा स्वतंत्र ओळख क्रमांक), जॉबकार्डांच्या प्रती आणि संकेतांक पाठवावेत, कारण शोरूम हा विक्रेता असतो आणि रिकॉलचा निर्णय त्याच्या हातात नसतो. दुसरी जागा केंद्र सरकारची. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. या कलमानुसार पर्यावरणाला, चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरील इतरांना अपाय करू शकणारा दोष असेल, तर सरकार कंपनीला त्या प्रकारच्या गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. मग कंपनीला गाडी दुरुस्त करून द्यावी लागते, बदलून द्यावी लागते किंवा तिची किंमत परत करावी लागते, आणि दंड एक कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांना हे नियम लागू आहेत, म्हणजे आपली गाडी त्यात बसते.

ही तक्रार केंद्राच्या ‘वाहन’ पोर्टलवरील रिकॉलच्या पानावर गाडीचा तपशील देऊन नोंदवायची असते. गाडी बेळगावच्या केए-२२ ची असो की कोल्हापूरच्या एमएच-०९ ची, पोर्टल एकच आहे. ‘आम्हाला कन्नड लिहिता येत नाही’ म्हणून सीमाभागातील कोणी मागे राहण्याचे कारण नाही. व्हॉट्सअॅप गटाविषयी मात्र स्पष्ट सांगतो. किती मालकांनी तक्रार केल्यावर सरकारने कंपनीला विचारणा करावी, याचे प्रमाण वाहनाच्या प्रकारानुसार आणि त्याच्या वार्षिक विक्रीनुसार ठरवलेले आहे. गटातले शेकडो संदेश त्या मोजणीत धरले जात नाहीत. प्रत्येक मालकाने स्वतःच्या गाडीची तक्रार पोर्टलवर स्वतंत्रपणे नोंदवली तरच ती मोजली जाते. आपल्या गटात आज हाच एक संदेश पाठवा. आकडा पुरेसा भरला नाही तरी श्रम वाया जात नाहीत, कारण चाचणी संस्थेकडून किंवा अन्य मार्गाने कळलेल्या दोषाचीही दखल घेण्याची मुभा कायद्याने सरकारला दिली आहे.

रिकॉलमध्ये ‘समावेश’ मागून मिळत नाही, हेही समजून घ्यावे लागेल. दोष सामान्यतः विशिष्ट काळात बनलेल्या किंवा विशिष्ट पुरवठादाराच्या सुट्या भागात असतो, त्यामुळे कंपनी उत्पादनाच्या तारखा ठरवून त्यांतील चेसिस नंबर जाहीर करते. जुलै २०२० मध्ये मारुती सुझुकीने इंधन पंपासाठी वॅगन आर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या परत बोलावल्या, तेव्हा वॅगन आरसाठी १५ नोव्हेंबर २०१८ ते १५ ऑक्टोबर २०१९ अशी उत्पादनाची मुदत ठरलेली होती. शेजाऱ्याची गाडी यादीत आणि आपली नाही, असे घडते ते यामुळे. पण यादी ही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. ताकाता कंपनीच्या एअरबॅगचा दोष जगभर टप्प्याटप्प्याने उघड होत गेला आणि प्रत्येक टप्प्यात नव्या गाड्या यादीत येत गेल्या. यादीबाहेरच्या गाडीत तोच संकेतांक, तीच लक्षणे असल्याची लेखी नोंद कंपनीकडे आणि पोर्टलवर असेल, तर यादी वाढवण्यासाठी तोच सर्वांत भक्कम आधार ठरतो.

प्रश्न : कोल्हापूरहून जुनी कार घेऊन दीड वर्ष झाले. नंबर अजून एमएच-०९ चाच आहे आणि आरसीवर जुन्या मालकाचे नाव आहे. या मॉडेलचा एअरबॅगसाठी रिकॉल असल्याचे आता समजले. आम्हाला पत्र आले नाही. बेळगावचे सर्व्हिस सेंटर म्हणते की गाडी जेथे घेतली तेथे जा. (निपाणी येथील वाचक)

उत्तर : रिकॉल चेसिस नंबराला लागू होतो. गाडी कोणाच्या नावावर आहे, नंबरप्लेट कोणत्या राज्याची आहे, सर्व्हिसिंग कोठे केले, या गोष्टींनी रिकॉलचा हक्क बदलत नाही, आणि कंपनीच्या कोणत्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये ते काम सुट्या भागाचे किंवा मजुरीचे पैसे न घेता व्हायला हवे. आरसीवरील सतरा अक्षरी चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावरील रिकॉलच्या रकान्यात टाकून पाहावा. तो टंकताना ‘शून्य’ आणि ‘एक’ हे अंकच असतात हे लक्षात ठेवावे, कारण इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे त्या नंबरात वापरतच नाहीत. नंबर यादीत असेल तर त्या पानाची प्रत घेऊन बेळगावच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा. तरीही नकार मिळाला तर तो नकार लेखी मागून कंपनीला कळवा.

पत्र न येण्याचे कारण आपल्या प्रश्नातच आहे. कंपनीकडे पत्ता आणि मोबाईल नंबर असतो तो पहिल्या खरेदीदाराचा, आणि पत्र त्याच्याच दारात जाऊन पडते. सीमाभागात हे फार होते. करातील फरक, दोन आरटीओंचे हेलपाटे आणि ‘घाई काय आहे’ हा विचार यांमुळे कोल्हापूर किंवा गोव्याच्या नंबरच्या गाड्या इकडे वर्षानुवर्षे परक्या नावावर धावत असतात. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या गाडीला तेथील नवा नोंदणी क्रमांक घेणे कायद्याने बंधनकारक आहे. ती मुदत आपण ओलांडली आहे. कोल्हापूरच्या आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत दाखला, फॉर्म २९ आणि ३० वर हस्तांतरण आणि मग चिकोडीच्या आरटीओत केए-२३ चा क्रमांक हा क्रम उरकून घ्या. ते होईपर्यंत थांबायचे मात्र नाही. एअरबॅगचे काम आधी, कारण सदोष एअरबॅग नको तेव्हा फुटू शकते किंवा हवी तेव्हा उघडत नाही. काम झाल्यावर त्याच सर्व्हिस सेंटरमध्ये आपले नाव, पत्ता आणि मोबाईल नंबर गाडीच्या नोंदीत घालायला सांगा, म्हणजे पुढचे पत्र आपल्याला मिळेल.

प्रश्न : माझ्याकडे एकच छोटा टेम्पो आहे. मी स्वतः चालवतो आणि गावोगावची भाजी बेळगावच्या मार्केट यार्डात पोचवतो. ब्रेकचे पेडल खोल जाऊ लागल्याने खाजगी गॅरेजमध्ये मास्टर सिलिंडर बदलला. त्यानंतर कंपनीने त्याच भागासाठी रिकॉल काढला. आता ते म्हणतात की भाग बदललेला आहे, तुमचे काम संपले. खर्च परत मिळेल का? धंद्याच्या गाडीसाठी ग्राहक न्यायालयात जाता येत नाही, असे एकाने सांगितले. (चिकोडी तालुक्यातील वाचक)

उत्तर : आधी सुरक्षिततेचे पाहू. गॅरेजवाल्याने घातलेला भाग त्याच सदोष खेपेतला असू शकतो, म्हणून अधिकृत केंद्रात तो तपासून घेण्याचा आणि रिकॉलची नोंद आपल्या चेसिस नंबरापुढे करून घेण्याचा आग्रह धरा. गॅरेजचे बिल आणि काढलेला जुना सिलिंडर, दोन्ही जपून ठेवा. भंगारात दिला असेल तर आजच जाऊन विचारा.

खर्चाविषयी सांगायचे तर कलम ११०-अ मध्ये रिकॉलपूर्वी पदरमोड करून केलेल्या दुरुस्तीचा स्पष्ट उल्लेख नाही. म्हणून बिलाच्या प्रतीसह कंपनीला लेखी मागणी करा, उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तेथेही तड लागली नाही तर बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. आपल्याला मिळालेली माहिती अर्धवट आहे. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहक ठरत नाही हे खरे, पण केवळ स्वयंरोजगारातून स्वतःचा चरितार्थ चालवण्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ व्यापारी हेतूची मानत नाही. एकच टेम्पो, चालवणारे आपण स्वतः आणि त्यावरच घर, ही परिस्थिती तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहा. दहा टेम्पो आणि पगारी चालक ठेवणाऱ्याला हा आधार मिळणे कठीण.

कंपनीचे कार्यालय दूरच्या राज्यात असले तरी आपण राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि वकील लावण्याची सक्ती नाही. गाडीसाठी मोजलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. पत्रव्यवहार करण्यात ती संपू देऊ नका. ब्रेक न लागल्याने कोणाला इजा झाली असती तर उत्पादकाच्या दायित्वाखाली भरपाई मागता आली असती. त्या तरतुदीत खुद्द गाडीचे नुकसान धरत नाहीत, म्हणून आपली तक्रार सदोष वस्तूची म्हणून मांडावी लागेल.

प्रश्न : रिकॉलचा संदेश आला, पण सुटा भाग आलेला नाही, नंतर या, असे सांगतात. तोवर गाडी चालवावी का? (शहापूर, बेळगाव येथील वाचक)

उत्तर : संदेशात दोष कशाचा आहे आणि काय टाळायला सांगितले आहे, ते शब्दशः वाचा. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुती सुझुकीने १,८१,७५४ गाड्यांसाठी रिकॉल जाहीर केला, तेव्हा भाग बदलेपर्यंत पाणी साचलेल्या रस्त्यांवर गाडी नेऊ नये आणि विजेच्या भागांवर थेट पाण्याचा फवारा मारू नये असे सांगितले होते. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टमध्ये अशी सूचना म्हणजे गाडी जवळपास उभीच ठेवणे होय. ब्रेक, स्टिअरिंग, इंधनगळती किंवा इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी यांपैकी काही असेल तर भाग येईपर्यंत गाडी चालवू नका, स्कूटर घरात चार्जिंगला लावू नका. पर्यायी गाडीची मागणी करा. ती मिळेलच असे नाही, पण मागणीची नोंद पुढे उपयोगी पडते. दोष तितका तातडीचा नसेल, तरी भाग मागवल्याची तारीख आणि तो येण्याची अपेक्षित तारीख जॉबकार्डावर लिहून घ्या आणि ती तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी कंपनीच्या ग्राहक कार्यालयाला त्या जॉबकार्डाची प्रत पाठवा.