वाचकांचे प्रश्न : फोनचा पडदा सपाट घ्यावा की कडांना वळलेला?

प्रश्न : मी शिवाजी पेठेत घरगुती डब्यांचा व्यवसाय करते. डब्यांची मागणी, हिशेब आणि पैशांची देवघेव सारे फोनवरच चालते. गेल्या महिन्यात माझा फोन स्वयंपाकघरातील शहाबादी फरशीवर पडला आणि कामातून गेला. आता तीस हजार रुपयांपर्यंतचा फोन घ्यायचा आहे. राजारामपुरीतील दुकानदाराने दोन फोन दाखवले. एकाचा पडदा सपाट आहे, दुसऱ्याच्या दोन्ही कडा खाली वळलेल्या आहेत. ‘सपाट आता जुने झाले, कर्व्हच घ्या, ॲमोलेड त्यातच मिळतो,’ असे त्यांचे म्हणणे पडले. मुलालाही तोच आवडला आहे. माझा मात्र निर्णय होत नाही.
— एक वाचिका, शिवाजी पेठ

उत्तर : आपण सपाट पडद्याचा फोन घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दुकानदाराने सांगितलेल्या दोन गोष्टींपैकी एक अर्धी खरी आहे आणि दुसरी आता उलटी झाली आहे, म्हणून आधी त्यांचाच निकाल लावू.

वळलेल्या पडद्याला ओलेड लागतो, हे खरे आहे. एलसीडी पडद्याचा पाया काचेचा असतो आणि त्यामागे प्रकाश देणारा वेगळा थर बसवावा लागतो, त्यामुळे तो कडेला असा दुमडता येत नाही. ओलेडमधील प्रत्येक ठिपका स्वतःच प्रकाशतो आणि हा पडदा काचेऐवजी पातळ, लवचीक प्लॅस्टिकच्या थरावरही तयार करता येतो. म्हणून तो वाकतो. ॲमोलेड हा ओलेडचाच एक प्रकार होय. परंतु वळलेला पडदा ओलेडचा असतो, यावरून ओलेडचा पडदा वळलेलाच असतो, असे सिद्ध होत नाही. आपण सांगितलेल्या किमतीत सपाट ॲमोलेड पडद्याचे फोन हवे तितके मिळतात. खोक्यावर पडद्याचा प्रकार बहुधा छापलेला असतो, तो वाचून घ्यावा.

‘सपाट जुने झाले’ या विधानाची कथा अधिक गमतीची आहे. सॅमसंगने २०१४ मध्ये गॅलेक्सी नोट एज हा केवळ उजवी कड वळलेला फोन आणला आणि पुढच्याच वर्षी गॅलेक्सी एस ६ एजच्या दोन्ही कडा वळवल्या. त्यानंतर जणू चढाओढच लागली. २०१९ मध्ये हुआवेच्या मेट ३० प्रोचा पडदा कडेला ८८ अंशांपर्यंत, म्हणजे जवळजवळ काटकोनात खाली उतरला, आणि त्याच वर्षी विवोच्या नेक्स ३ ची जाहिरात धबधब्याची उपमा देऊन झाली. पुढे वारे फिरले. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ प्रोचा पडदा सपाट केला, आणि ज्या सॅमसंगने ही वाट पाडली, त्याच कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या घडी न होणाऱ्या फोनांतील सर्वांत महागडा फोन, गॅलेक्सी एस २४ अल्ट्रा, सपाट पडद्यानिशी बाजारात आणला. ॲपलने तर आयफोनचा पडदा असा कधी वळवलाच नाही. म्हणजे वळलेला पडदा महागड्या फोनांतून खाली उतरत असतानाच वरचे फोन सपाट होत गेले. दुकानदाराच्या काउंटरवर ही बातमी थोडी उशिरा पोहोचली असावी, किंवा त्यांच्याकडे तो माल अधिक पडून असावा.

वळलेल्या पडद्याचे गुण नाकारण्याचे कारण नाही. मागची बाजूही तशीच वळलेली असेल तर मोठा फोन हातात अरुंद आणि सडपातळ वाटतो, तळहाताला कड टोचत नाही, आणि कडेवरून आत बोट सरकवून मागे जाण्याची अँड्रॉइडची जी खूण आहे ती सफाईदारपणे जमते. पडदा कडेपर्यंत ओसंडल्यासारखा दिसतो, हेही डोळ्यांना सुखावते. दुकानात हात आणि डोळे या दोघांनाच मत असते, म्हणून तेथे वळलेला फोन जिंकतो.

घरी आल्यावर मात्र फरशी मत देऊ लागते. सपाट फोन कुशीवर पडला तर पहिला मार बहुधा धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या चौकटीवर बसतो. साध्या कव्हरची किनारही काचेपेक्षा किंचित वर आलेली असते, त्यामुळे पालथा पडला तरी काच थेट टेकत नाही. वळलेल्या फोनमध्ये काच स्वतःच कुशीपर्यंत उतरलेली असते आणि चौकट तेथे एखाद्या बांगडीइतकी बारीक उरते. कव्हरची किनार उंच ठेवावी तर वळण झाकले जाते, खाली ठेवावी तर काच उघडी राहते. त्यामुळे अशा फोनांची कव्हरे बाजूंना नावापुरतीच असतात. जो फोन शहाबादी फरशीवर एकदा पडला आहे, त्याचा उत्तराधिकारीही तेथे कधीतरी पडणार, हे गृहीत धरून खरेदी करावी.

दुरुस्तीचा हिशेब याहून महत्त्वाचा आहे. वळलेली काच तापवून साच्यात आकाराला आणावी लागते आणि पडदा तिच्या आतल्या बाजूस एकजीव चिकटवलेला असतो. नुसती वरची काच बदलायची म्हटले तर खालचा नाजूक पडदा न दुखावता ती सोडवावी लागते आणि नवी काच वळणासकट हवेचा बुडबुडा न राहता बसवावी लागते. हे काम करणारे कारागीर आहेत, पण ते जमेलच असे कोणी छातीठोकपणे सांगत नाही, आणि बहुतेक वेळा प्रकरण संपूर्ण फोल्डर, म्हणजे काच आणि पडदा यांचा एकत्र जोड, बदलण्यावर येते. म्हणून पैसे देण्यापूर्वी कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राकडे दोन्ही फोनांच्या फोल्डरची किंमत अवश्य विचारा. फोनच्या किमतीवर आपण पाचशे रुपयांसाठी घासाघीस करतो आणि ज्या आकड्याने पुढे खरोखर घाम फुटतो, तो मात्र विचारतच नाही.

आपल्या कामाच्या दृष्टीने आणखी एक बाब आहे. पोळ्या लाटता लाटता ओल्या बोटांनी आणि फोन घाईने कसाही धरून आपण उत्तरे देत असणार. वळलेल्या कडेवर तळहाताचा मांसल भाग टेकून नको ते बटण दाबले जाण्याची शक्यता असते. असे अजाणता झालेले स्पर्श ओळखून टाळण्याची सोय कंपन्या करतात आणि ती पूर्वीपेक्षा बरीच सुधारली आहे, तथापि सपाट पडद्यावर हा प्रश्न मुळातच कमी येतो. डबे पोहोचवताना फोन दुचाकीच्या होल्डरमध्ये अडकवत असाल, तर होल्डरचे पंजे नेमके काचेच्या वळणावर आवळले जातात, हेही लक्षात ठेवावे.

चिरंजीवांसाठी एक तोड सुचवतो. ज्या फोनांत खालचा पडदा सपाट असून केवळ वरच्या काचेची कड किंचित घासून गोलसर केलेली असते, त्या काचेला कंपन्या ‘टू पॉइंट फाइव्ह डी’ म्हणतात. हाताला ती गुळगुळीत लागते आणि वर सांगितलेली दुखणी तिच्यासोबत फारशी येत नाहीत.

प्रश्न : मी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत काम करतो. माझा फोन कर्व्ह आहे. त्यावर दुकानात ‘यूव्ही’ टेम्पर्ड बसवून घेतला. तेव्हापासून समोरच्याचा आवाज बारीक येतो आणि बोटाचा ठसा चार-चार वेळा लावावा लागतो. यात फोनचा दोष आहे काय?
— एक वाचक, शिरोली

उत्तर : बहुधा नाही; दोष बसवण्यात झालेला दिसतो. सपाट फोनची टेम्पर्ड काच आपल्याच चिकटपणावर बसते. वळलेल्या पडद्यावर तशी काच सर्वत्र टेकत नाही, म्हणून पातळ गोंद ओतून, त्यावर काच ठेवून तो अतिनील, म्हणजेच ‘यूव्ही’, दिव्याखाली कडक करतात. ओतण्यापूर्वी वरची ऐकण्याची जाळी, खालच्या स्पीकरची छिद्रे आणि बाजूची बटणे चिकटपट्टीने बंद करावी लागतात. ती काळजी घेतली नाही तर गोंद जाळीत उतरतो आणि तेथेच कडक होतो. आपल्या बाबतीत तसेच झाले असावे. सुईने किंवा टाचणीने जाळी टोकरू नका. स्पीकरच्या आतला पातळ पडदा फाटला तर आवाज कायमचा जाईल. जाळी सोडवून साफ करण्याचे किंवा बदलण्याचे काम दुरुस्ती करणाऱ्याकडूनच करून घ्या.

ठशाचा इलाज मात्र आपल्या हाती आहे. जुने ठसे काढून टाका आणि नवी काच बसलेली असतानाच तीच बोटे पुन्हा नोंदवा. सेटिंगमध्ये स्पर्शाची संवेदनशीलता वाढवण्याचा पर्याय असेल तर तो चालू करा. एवढ्याने भागले नाही, तर पडद्याखालचा संवेदक प्रकाशावर चालतो की ध्वनिलहरींवर, ते पाहावे लागेल. दुसऱ्या प्रकाराला मधल्या हवेचा पातळ थरही सहन होत नाही. केवळ कडांना गोंद असलेली स्वस्त काच अशा फोनवर म्हणूनच लावू नये.

आपल्या कामाच्या ठिकाणी मोल्डिंगची वाळू असते, आणि तिच्यातील क्वार्ट्झ साध्या काचेहून कठीण असल्यामुळे खिशातले दोन कणही चरे पाडण्यास पुरेसे ठरतात. तेव्हा संरक्षण काढून टाकू नका. गोंदाची कटकट नको असेल तर वळणावर बसणारी प्लॅस्टिकची पातळ फिल्म लावावी. ती चऱ्यांपासून वाचवते, पडण्यापासून फारशी नाही, आणि खराब झाली की कमी खर्चात बदलता येते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. मुलाने दिलेल्या फोनच्या कडा वळलेल्या आहेत. पुस्तके वाचताना ओळीची पहिली व शेवटची अक्षरे ट्यूबलाइटच्या चकाकीत बुडतात. डोळ्यांना याचा अपाय होईल का?
— एक वाचक, ताराबाई पार्क

उत्तर : वळणामुळे डोळ्यांना अपाय होत नाही, त्रास होतो तो चकाकीचा. वळलेली काच वरच्या दिव्याचे प्रतिबिंब उभ्या पांढऱ्या पट्टीसारखे धरून ठेवते, आणि कडेचा भाग आपल्याला तिरका दिसत असल्याने तेथील पांढऱ्याला कधी कधी हिरवट किंवा निळसर झाक येते. दिवा डोक्यावर न ठेवता खांद्यामागून एका बाजूने येईल असे बसा. वाचनाच्या ॲपमध्ये दोन्ही बाजूंचा समास वाढवला की वळणावर कोरा कागद राहतो आणि मजकूर सपाट भागात येतो. स्कॅन केलेल्या पुस्तकाचे पान मोठे करून वाचत असाल, तर ते कडेपर्यंत ताणू नका; फोन आडवा धरा, म्हणजे वळण ओळीच्या टोकांना न येता पानाच्या वर आणि खाली जाईल.