पात्राचं अलाइनमेंट आणि खेळणाऱ्याची श्रद्धा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

टेबलटॉप रोलप्लेइंग गेमवर, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत एकेका पात्राची भूमिका करण्याच्या खेळावर, आलेल्या पत्रांमधून या अंकासाठी एकाच विषयाची पत्रं निवडली आहेत. शीटवर (पात्राच्या माहितीच्या कागदावर) लिहिलेलं पात्राचं अलाइनमेंट आणि खेळणाऱ्याचा स्वतःचा धर्म यांचा मेळ कसा घालायचा, हा तो विषय. अलाइनमेंट म्हणजे पात्राच्या वृत्तीची खूण : लॉफुल, न्यूट्रल की केऑटिक (शिस्तीचं, मधलं की बेबंद), आणि गुड, न्यूट्रल की ईव्हिल (चांगलं, मधलं की दुष्ट). नियम ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४मधल्या पाचव्या आवृत्तीचे धरले आहेत. जुन्या आवृत्तीचा संदर्भ आला तिथे तसं सांगितलं आहे.

प्रश्न : मी कॅथलिक आहे. ग्रुपला हीलर (जखमा भरणारं पात्र) हवा म्हणून क्लेरिक (देवाच्या नावानं जादू करणारी पुजारीण) घेतली, अलाइनमेंट न्यूट्रल गुड. पण लाथँडर नावाच्या देवाची प्रार्थना करायची वेळ आली की जीभ अडते. ‘माझ्याखेरीज तुला वेगळे देव नसावेत’ ही आमची पहिलीच आज्ञा. पात्र तर चांगलं आहे, मग मन का खातं? आणि गेममधल्या ‘होली वॉटर’चं काय? (एक वाचिका, वसई)

उत्तर : न्यूट्रल गुड म्हणजे तुमची क्लेरिक इतरांशी कशी वागते एवढंच. ती कोणापुढे हात जोडते, हे अलाइनमेंट सांगत नाही. तुमची टोचणी उपासनेची आहे, म्हणून बदल तिथेच करायला हवा.

सगळ्यात सोपा बदल बोलण्यातला. ‘क्युअर वूंड्स’ या जखम भरणाऱ्या स्पेलला (मंत्राला) उच्चार आणि हातवारे लागतात, पण शब्द कोणते हे नियमात कुठेच दिलेलं नाही. तुम्ही स्वतः प्रार्थना म्हणण्याऐवजी ‘ती काहीतरी पुटपुटते, जखमेवर हात ठेवते’ असं सांगा, एक डी-८ (आठ बाजूंचा फासा) टाका आणि त्यात विज्डम मॉडिफायर (शीटवरचा शहाणपणाचा आकडा) मिळवा. जखम तेवढीच भरते. मिस्सातल्या प्रार्थना मात्र पर्याय म्हणून टेबलावर आणू नका. काल्पनिक देवाच्या जागी खरी प्रार्थना बसवली की टोचणी वाढते.

एवढ्यानं भागलं नाही तर क्लेरिक ठेवा, देव काढा. क्लेरिकचे खास गुण डोमेनमधून, म्हणजे देवाच्या अखत्यारीतल्या क्षेत्रातून, येतात. लाथँडरकडे लाइफ आणि लाइट ही दोन डोमेन आहेत. तुमचं लाइफ असेल तर तेच ठेवून देवाच्या जागी ‘जीव वाचवण्याचं व्रत’ असं लिहा. देवाऐवजी एखाद्या तत्त्वाला वाहिलेल्या क्लेरिकची सोय डीएम गाइडमध्ये (गोष्ट चालवणाऱ्या डीएमसाठीच्या नियमपुस्तकात) आहेच. एकही स्पेल बदलणार नाही.

तरीही जड वाटत असेल तर बार्ड घ्या. ‘क्युअर वूंड्स’ आणि ‘हीलिंग वर्ड’ दोन्ही बार्डला पहिल्या लेव्हलपासून मिळतात आणि त्याची जादू गाण्यातून येते, देवाकडून नाही. उणीव एकच : ‘रिव्हिव्हिफाय’ बार्डच्या यादीत नाही, त्यामुळे मेलेल्या साथीदाराला परत आणणं बरंच पुढे जातं. ग्रुपला हे आधी सांगा आणि प्रत्येकाजवळ निदान दोन हीलिंग पोशन ठेवायला लावा. एकाची किंमत ५० सुवर्णनाणी, भरपाई दोन डी-४ अधिक २.

‘होली वॉटर’बद्दलही तुम्ही विचारलं आहे. गेममध्ये ते २५ नाण्यांची चांदीची पूड, एक तासाचा विधी आणि पहिल्या लेव्हलचा एक स्लॉट (स्पेल टाकण्याची एक संधी) खर्चून बनतं. चर्चमधल्या आशीर्वादित पाण्याशी त्याचं नावापुरतंच नातं आहे. नाव खटकत असेल तर डीएमच्या संमतीनं ‘रुपेरी पाणी’ म्हणा.

हे पाप आहे का, हे ठरवणं आमचं काम नाही. तुमच्या फादरांना विचारा, पण ‘एक गेम आहे’ एवढ्यावर थांबू नका. टेबलावर मूर्ती नसते, जप नसतो, फासे आणि गोष्ट असते, हे नीट सांगा. तेव्हाच त्यांचं उत्तर तुमच्या खऱ्या परिस्थितीला लागू पडेल.

प्रश्न : लॉफुल गुड म्हणजे धार्मिक माणूस, असं धरायचं का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही. ‘लॉफुल’ म्हणजे शिस्त, शब्द, रीत पाळणारा. देव न मानणारा न्यायाधीश लॉफुल गुड असू शकतो आणि रोज तीन वेळा पूजा करणारा खुनी केऑटिक ईव्हिल. १९७४च्या मूळ खेळात लॉ, न्यूट्रॅलिटी आणि केऑस एवढ्या तीनच बाजू होत्या, ‘गुड’ आणि ‘ईव्हिल’ हा अक्ष नंतर जोडला गेला. आज ओळखीचा असलेला नऊ घरांचा तक्ता १९७८च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये आहे.

प्रश्न : मी डीएम आहे. लॉफुल गुड पॅलाडिननं (शपथेनं बांधलेल्या धर्मयोद्ध्यानं) शस्त्र टाकलेल्या गॉब्लिनला (छोट्या राक्षसाला) मारलं. शपथ ‘ओथ ऑफ डिव्होशन’ची. मी म्हटलं शपथ मोडली. खेळाडू श्रद्धाळू आहे. तो म्हणतो, दुष्टांचा विनाश हाच धर्म, गीतेतच आहे. वाद टेबलावरून घरापर्यंत गेला. त्याची ताकद काढून घेऊ का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : काढू नका. निदान आत्ता नाही.

तुमच्या डोक्यात बहुधा तिसऱ्या आवृत्तीचा नियम आहे. २०००च्या त्या आवृत्तीत पॅलाडिन लॉफुल गुडच असावा लागे. जाणूनबुजून एक दुष्ट कृत्य केलं की सगळे गुण जात, आणि ते परत मिळवायला ‘अटोनमेंट’ (प्रायश्चित्त) हा पाचव्या लेव्हलचा स्पेल लागे. पाचव्या आवृत्तीत पॅलाडिनला अलाइनमेंटची अट उरलेली नाही. त्याला बांधते ती शपथ. म्हणून ‘हे कृत्य गुड होतं का’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि शपथेची कलमं उघडा.

डिव्होशनची कलमं पाच : सचोटी, धैर्य, करुणा, मान, कर्तव्य. करुणेच्या कलमात शत्रूला दया दाखवा असं आहे, पण ती शहाणपणानं, असंही आहे. म्हणजे तुम्हा दोघांच्याही बाजूला आधार आहे. गॉब्लिन सुटला तर गावावर हल्ला करील हे खेळाडूला ठाऊक होतं का? बांधून नेण्याइतका दोर आणि वेळ होता का? पॅलाडिननं अभय देतो असं आधी म्हटलं होतं का? तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर करुणेपेक्षा सचोटीचं कलम मोडलंय, आणि ते जास्त गंभीर आहे. ‘गॉब्लिन ईव्हिल होता’ ही सबब मात्र चालणार नाही. पॅलाडिनच्या ‘डिव्हाइन सेन्स’ला ६० फुटांतले स्वर्गीय जीव, पिशाच्चयोनीतले फीन्ड आणि अनडेड (मेल्यावरही हिंडणारे) एवढेच कळतात. गॉब्लिनचं मन त्यात दिसत नाही.

मग परिणाम काय द्यायचा? खेळाडूनं गीता काढलीच आहे, तर त्याला महाभारतातूनच उत्तर द्या. धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चाले. ‘नरो वा कुंजरो वा’ नंतर तो जमिनीला टेकला. राज्य गेलं नाही, धर्मराज हे नावही गेलं नाही, पण रथ टेकला आणि शेवटी स्वर्गारोहणपर्वात त्याला थोडा वेळ नरक पाहावा लागला. चूक जेवढी, परिणाम तेवढा, आणि सगळ्यांना दिसेल असा. पुस्तकातली वाटही अशीच आहे : त्याच श्रद्धेच्या क्लेरिकपुढे किंवा त्याच पंथाच्या पॅलाडिनपुढे कबुली, रात्रभर जागून प्रार्थना किंवा उपवास, आणि मग पाटी कोरी. ‘ओथब्रेकर’ (शपथ मोडणारा) हा शेवटचा टप्पा पश्चात्तापच नसलेल्यासाठी आहे, आणि त्यासाठी पात्र ईव्हिल असावं लागतं.

पुढच्या वेळी फासा टाकण्याआधी एक वाक्य विचारा : ‘तुझ्या करुणेच्या कलमाशी हे कसं बसतं?’ खेळाडूनं विचार करून ‘तरीही’ म्हटलं तर परिणाम त्याला अन्याय वाटत नाही. लढाई चालू असताना गुण कधीच काढू नका. त्यात शिक्षा एकाला होते आणि मरते पार्टी, म्हणजे पात्रांचा सगळा गट. आणि गॉब्लिनांची पोरं पुढे करून ‘आता काय करशील’ असे सापळे रचू नका. त्यातून कोणाचीच श्रद्धा कळत नाही.

एक शक्यता अशीही आहे की शपथच चुकीची निवडली गेली. दुष्टांचं निर्दालन हेच त्याला खेळायचं असेल तर ‘ओथ ऑफ व्हेन्जन्स’ (सूडाची शपथ) त्याच्यासाठीच आहे. तिच्या कलमांत शपथबद्ध शत्रूला दया नाही. एका सेशनमध्ये गोष्टीतून कारण देऊन शपथ बदलू द्या. घरापर्यंत गेलेला वाद मात्र समोरासमोर बसून मिटवा, आणि तेव्हा त्याच्या श्रद्धेवर एक शब्दही बोलू नका. तुम्ही त्याच्या पॅलाडिनचे डीएम आहात, त्याच्या धर्माचे नाही.

प्रश्न : घरी माळकरी परंपरा, मीही एकादशी करतो. माझा ‘रोग’ (rogue, चोर-भामट्याचं पात्र) केऑटिक ईव्हिल आहे. मित्र म्हणतो, असं पात्र खेळणं पाप. (एक वाचक, पंढरपूर)

उत्तर : आपल्याकडे ही भूमिका नवी नाही. कोकणातल्या दशावतारात आधी गणपती येतो, मग वेद चोरणारा संकासुर, आणि संकासुर करणाऱ्याला कोणी असुर म्हणत नाही. पण फरकही ओळखा. संकासुराचा शेवट विष्णूच्या हातून ठरलेला असतो. तुमच्या रोगचं पुढचं प्रत्येक कृत्य तुम्ही निवडता, आठवड्यामागून आठवडे. त्यामुळे ‘नुसती भूमिका आहे’ हे उत्तर आम्हाला अर्धंच वाटतं.

सेशन सुरू होण्याआधी दोन याद्या करा. एकीत गोष्टीत येणारच नाही ते : लहान मुलांचा छळ, देवळाची विटंबना, जे तुम्हाला सोसणार नाही ते. दुसरीत घडेल पण पडद्याआड ते. डीएमला दोन्ही द्या. शिवाय केऑटिक ईव्हिल पार्टीत टिकत नाही. साथीदारांची चोरी झाली की खेळ तिथेच मोडतो. न्यूट्रल ईव्हिल करा आणि त्याला एक माणूस द्या ज्याच्यासाठी तो जीव टाकेल. १९७९च्या डीएम गाइडप्रमाणे अलाइनमेंट बदललं तर एक लेव्हल जायची. आता फक्त खोडरबर लागतो. एकादशीला हे पात्र नको वाटलं तर त्याच लेव्हलचं दुसरं पात्र तयार ठेवा. आणि नकोच वाटलं तर बिनदिक्कत सोडा. त्यासाठी कोणालाही कारण द्यायची गरज नाही.

प्रश्न : आमच्या डीएमकडे जुनं पुस्तक आहे, त्यात कालीमातेला केऑटिक ईव्हिल लिहिलंय. आमच्या घरी तिची उपासना आहे. मी फार हळवी होतेय का? (एक वाचिका, लंडन)

उत्तर : अजिबात नाही. ते १९८०चं देवदेवतांचं पुस्तक. त्यात इंद्र, अग्नी, विष्णू, यम यांच्यासह काली आहे, आणि प्रत्येकाला अलाइनमेंट, आर्मर क्लास (बचावाचा आकडा) आणि हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) दिले आहेत. हिट पॉइंट आहेत म्हणजे नियमाप्रमाणे मारता येतं. भक्ताला दुखेल असंच हे आहे. शिवाय जी भक्ताला आई वाटते आणि असुराला काळ, तिला नऊपैकी एका घरात बसवताच येत नाही. तिथे तक्ता अपुरा पडतो.

डीएमला सांगा की जिवंत धर्मांतले देव कॅम्पेनबाहेर (टेबलावर चालू असलेल्या गोष्टीबाहेर) ठेवावेत. नवे देव करायला तासभर पुरतो. सुरुवातीला तीन-चार पुरेत. प्रत्येकाला अलाइनमेंट न देता दोन-तीन आज्ञा आणि दोन निषेध द्या. ‘पाथफाइंडर’ या अशाच दुसऱ्या खेळानं २०२३च्या सुधारित नियमांत अलाइनमेंट काढून नेमकी याच गोष्टींवर भिस्त ठेवली. समजा, नावाड्यांची देवी. आज्ञा : पुरात नाव बाहेर काढावी, कोण बुडतंय हे विचारू नये, ज्याच्याकडे उताराचे पैसे नाहीत त्यालाही पलीकडे न्यावं. निषेध : बुडत्याशी सौदा; उतारू अर्ध्या पाण्यात सोडणं. आता पुरात दरोडेखोर अडकलेत आणि काठावर तिची क्लेरिक उभी आहे. शीटवरच्या ‘न्यूट्रल गुड’मधून असा प्रसंग कधी निघाला नसता.

सगळं टेबल हिंदू असलं आणि सगळ्यांनाच आपले देव हवे असले, तरी ते देवळं, जत्रा, नवस यांतूनच दिसू द्या. डीएमनं त्यांच्या तोंडी संवाद घालू नयेत आणि आकडे तर नकोतच.

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा. परदेशातल्या नातेवाइकांनी कळवलं की हा सैतानपूजेचा खेळ आहे. (एक पालक, नाशिक)

उत्तर : हा आरोप अमेरिकेतला आहे, १९८०च्या दशकातला. मुलाच्या आत्महत्येनंतर पॅट्रिशिया पुलिंग या आईनं १९८३मध्ये खेळाविरुद्ध संघटना काढली, आणि त्या गदारोळानंतर १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘डीमन’ आणि ‘डेव्हिल’ ही नावंच बदलली गेली. खेळात पूजा नसते. राक्षस असतात ते बहुतेक वेळा लढण्यासाठी. एक सेशन शेजारी बसून पाहा, तीन-चार तास लागतील. मुलाची शीट मागा आणि डीएमला विचारा की ईव्हिल पात्रं चालतात का, रक्तपात किती रंगवून सांगतात. या वयाच्या मुलांच्या टेबलावर ईव्हिल पात्रांना बंदी असावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मी मुसलमान आहे. जीवन-मृत्यू अल्लाहच्या हाती, असं मानतो. पात्र मेलं तर पार्टी त्याला परत उठवणार म्हणते. मला ते नको. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : नियम तुमच्या बाजूनं आहेत. ‘रेझ डेड’ या मेलेल्याला उठवणाऱ्या स्पेलला ५०० नाण्यांचा हिरा लागतो, मृत्यूला दहा दिवसांहून जास्त झालेले चालत नाहीत, आणि आत्मा राजी असावा लागतो. डीएम गाइडप्रमाणे बोलावणाऱ्याचं नाव, अलाइनमेंट आणि आराध्य देव आत्म्याला कळतात, आणि तेवढ्यावरून तो नकार देऊ शकतो. त्यामुळे तुमचा नकार गोष्टीतही पूर्ण बसतो.

शून्य हिट पॉइंट म्हणजे मृत्यू नव्हे, हे मात्र लक्षात ठेवा. तीन डेथ सेव्ह (जगतो की मरतो हे ठरवणारे फासे) चुकेपर्यंत पात्र जखमी आहे, आणि तोवर केलेलं हीलिंग हा उपचारच. ‘रिव्हिव्हिफाय’ मात्र मृत्यूनंतर मिनिटाच्या आत करतात, आणि घाईत कोणी तुम्हाला विचारणार नाही. म्हणून शीटवर ठळक लिहा : ‘मृत्यूनंतर परत बोलावू नये.’ सेशन झीरोलाच (खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत) ते वाचून दाखवा, म्हणजे कोणी ३०० नाण्यांचे हिरे तुमच्यासाठी राखून ठेवणार नाही. पार्टीच्याच लेव्हलचं दुसरं पात्र भरून फोल्डरमध्ये ठेवा, आणि पहिल्याशी त्याचं नातं काय, हे डीएमला आधीच सांगून ठेवा.