नकाशा राहू दे, आधी मानशीवर चल

गोव्यातल्या मुलांना "प्रदेश आणि संस्कृती" हा विषय कसा शिकवू, असं विचारलंस. पहिल्या वर्षी मी तालुक्यांची नावं घोकून घेतली होती. नावं पाठ झाली, पण फोंडा कुठल्या नदीपलीकडे हे एकालाही सांगता येईना. चूक माझीच.

तू प्रश्नापासून सुरुवात कर. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, ही एवढी मोठी देवळं फोंड्यातच का? "देवाची इच्छा" असं उत्तर येईल, येऊ दे. मग या देवांची मूळ गावं नकाशावर शोधायला लाव: कुठ्ठाळी, वेर्णा, केळशी. तिन्ही तेव्हाच्या गोव्यातल्या साष्टी भागात. 16व्या शतकात साष्टी पोर्तुगीजांकडे गेली, जुवारी नदीपलीकडचा फोंडा मात्र आदिलशाहीत होता. पोर्तुगीज देवळं मोडू लागले, तेव्हा भाविकांनी मूर्ती हलवल्या; देव नदी ओलांडून गेले. नकाशावरची निळी रेघ तेव्हा दोन राज्यांमधली सीमा होती, हे मुलांना स्वतः सापडू दे. तू बोलून टाकू नकोस. आपण शिक्षक नेमकी इथेच घाई करतो.

नंतर खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, ने. भरतीच्या वेळी मानशीजवळ, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांजवळ, उभं कर. पाणी चढलं की त्याच्याच दाबाने लाकडी दारं मिटतात, ओहोटीला उघडतात. आत खारट मातीत कोरगुट, म्हणजे खारं सोसणारं भात. बांध फुटला तर काय होतं, ते एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला कोकणीत विचारू दे, वहीत मराठीत उतरवू दे.

आणि "गोवा म्हणजे बीच" लिहिणाऱ्याला समुद्रापासून लांबच्या सत्तरी तालुक्यातल्या मुलाशेजारी बसव. चहा-भजीचा खर्च तुझ्याच खिशातून, हे आधीच सांगून ठेवतो.