‘पाळक’ की ‘पालक’? आणि मंडळीचे आरोग्य

सोलापूरच्या एका वाचकांना शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाने चर्चच्या वर्धापनदिनाची पत्रिका दिली. तीत ‘मंडळीच्या आरोग्यात पाळक, वडील व सेवक यांचा वाटा’ असा व्याख्यानाचा विषय छापलेला होता. त्यावर त्यांनी विचारले आहे की, ‘पाळक’ हा ‘पालक’चा मुद्रणदोष समजावा काय, हे ‘वडील’ नेमके कोणाचे, आणि ‘मंडळी’ला आरोग्य असते काय. शिवाय ‘सोलापुरातील मंडळ्या’ हे अनेकवचन त्यांना खटकले आहे.

पत्रिकेत मुद्रणदोष नाही. ‘पाळक’ म्हणजे चर्चचे धर्मगुरू, इंग्रजीतले ‘पास्टर’. ‘मेंढपाळ’, ‘गोपाळ’ या शब्दांत जो ‘ळ’ आहे तोच ‘पाळक’मध्ये आहे. ‘पालक’ हे रूप शाळेच्या सभांनी, जिल्ह्याच्या मंत्र्यांनी आणि भाजीवाल्यांनी केव्हाच वाटून घेतले असल्यामुळे ख्रिस्ती मराठीने ‘पाळक’ वेगळा राखला, हे सोयीचेच झाले. या शब्दामागे मेंढरे राखणारा माणूस उभा आहे, आणि सांगोला-माळशिरसकडे धनगरांचे वाडे पाहिलेल्या सोलापूरकराला तो समजावून सांगण्याची गरज नाही. बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात मेंढपाळाच्या समोर ‘मोलकरी’ उभा केला आहे. लांडगा येताना पाहून जो मेंढरे टाकून पळतो, तो मोलकरी. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात याहून बारीक भेद केला आहे. सोपवलेल्या लोकांवर धनीपण करू नये, तर कळपाला कित्ता व्हावे, असे तेथे सांगितले आहे. ‘कित्ता’ हा येथे फार नेमका शब्द आहे. मुलाने अक्षर वळवावे म्हणून जो नमुना वर काढून देतात, तो कित्ता. तो वाकडा असेल तर पानभर अक्षरे वाकडीच येतात, आणि त्यांबद्दल मुलाला बोल लावण्यात अर्थ नसतो.

बोलताना मात्र पुष्कळ ठिकाणी ‘पाळकसाहेब’ म्हणतात. आदरार्थी ‘साहेब’ मराठीत कोणालाही लागतो, त्यामुळे त्याला व्याकरणाची हरकत नाही; परंतु मेंढपाळ आणि साहेब एकाच शब्दात नांदताना पाहून मला थोडी गंमत वाटते. कोणाच्या बाबतीत शब्दाचा कोणता अर्धा भाग जड होतो, हे ज्या त्या मंडळीला, म्हणजे त्या चर्चच्या समुदायाला, ठाऊक असते.

‘वडील’ हे येथे बाप या अर्थाने नाही, तर मंडळीच्या कारभारात पाळकांना साथ देणारे जाणते सभासद. मूळ ग्रीक ‘प्रेस्बिटेरोस’ म्हणजे वयाने मोठा, जाणता. त्याला मराठी बायबलात ‘वडील’ म्हटले आहे. सोलापुरात तेलुगू आणि कानडी शेजार असल्यामुळे पडताळा हाताशीच आहे: तेलुगू ख्रिस्ती याच अर्थाने ‘पेद्दलु’ म्हणतात, कानडी ‘हिरियरु’, आणि दोन्हींचा अर्थ मोठी माणसे. एक गुंता मात्र ध्यानात ठेवावा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या संयुक्त प्रॉटेस्टंट चर्चमध्ये बिशप, प्रेस्बिटर आणि डीकन (पत्रिकेतले ‘सेवक’ हा त्याचाच मराठी शब्द) अशा तीन पायऱ्या आहेत, आणि तेथील ‘प्रेस्बिटर’ म्हणजे दीक्षा मिळालेला पाळक. म्हणून त्या शब्दाचे भाषांतर ‘वडील’ असे केल्यास वाचकाची फसगत होईल.

आता आरोग्य. हा प्रयोग नवा वाटला तरी त्याचे मूळ जुने आहे. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात मंडळीला अनेक अवयवांचे एक शरीर म्हटले आहे, आणि तीमथ्य व तीत या सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रांत ज्याला मराठीत ‘सुशिक्षण’ म्हणतात तेथे मुळात ‘निरोगी शिक्षण’ असाच अर्थ आहे. ‘हायजीन’ हा शब्द त्याच ग्रीक कुळातला. तेव्हा शरीर आहे म्हणून आरोग्यही आहे. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात तर आजार आणि उपचार दोन्ही आले आहेत. रोजच्या अन्नाच्या वाटणीत आपल्या विधवा वगळल्या जातात, अशी ग्रीकभाषी लोकांची कुरकुर सुरू झाली, तेव्हा बारा प्रेषितांनी ती दाबून टाकली नाही, वाटणीही स्वतःच्या हाती ठेवली नाही; सर्वांना बोलावून ‘तुमच्यातूनच सात जण निवडा’ असे सांगितले. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, म्हणजे कुरकुर करणाऱ्यांतलीच माणसे निवडली असावीत, हे मला त्या प्रसंगातील सर्वांत बोलके वाटते. ज्या शहरात एकाच गल्लीत तीन भाषा बोलल्या जातात, तेथे तर कोणत्या घरातली माणसे समितीवर येतात आणि कोणत्या घरातली कधीच येत नाहीत, हे पुढाऱ्यांनी मोजून पाहण्यासारखे आहे.

सोलापुरात ज्या अमेरिकन मराठी मिशनने काम केले, तिचा वारसा काँग्रिगेशनल, म्हणजे सभासदांच्या सभेत निर्णय घेण्याचा होता. तिच्या मूळ संस्थेचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात आले होते. मंडळी स्वयंशासित व स्वावलंबी व्हावी आणि तिचे पाळक येथलेच असावेत, हा त्यांचा आग्रह होता. मंडळीला परावलंबी ठेवणारे पुढारपण कितीही प्रेमळ असले तरी तिला दुबळे करते, हा त्यामागचा विचार मला आजही पटतो. पत्रिकेच्या भाषेतही तो पाहता येतो. ‘मंडळीचे पाळक’ ही रचना सरळ आहे. ‘अमुक पाळकांची मंडळी’ हीही व्याकरणात बसते. पण पाळकांची बदली होऊन गेल्यावरही लोक तसेच म्हणत राहिले, तर नव्या पाळकांची वाट अवघड होते.

राहिले अनेकवचन. रोजच्या मराठीत ‘मंडळी’ हा समूहवाचक शब्द आहे आणि ‘सगळी मंडळी जेवायला बसली’ म्हणताना ‘मंडळ्या’ची गरज पडत नाही. (जुन्या बोलण्यात ‘आमची मंडळी माहेरी गेली आहे’ म्हणजे फक्त बायको.) ख्रिस्ती मराठीत मात्र एका ठिकाणचा विश्वासणाऱ्यांचा समुदाय म्हणजे एक मंडळी, म्हणून असे समुदाय अनेक असले की ‘मंडळ्या’. प्रकटीकरणाच्या पुस्तकात आशियातील सात मंडळ्या आहेत, तशाच ‘सोलापुरातील मंडळ्या’. तो प्रयोग निःशंकपणे करावा.