पहिल्या महायुद्धानंतर आइन्स्टाइन एकाएकी जगप्रसिद्ध कसे झाले?

२९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञांनी घेतलेल्या मोजमापांमुळे आइन्स्टाइन जगप्रसिद्ध झाले. हे निष्कर्ष ६ नोव्हेंबरला लंडनच्या रॉयल सोसायटीत जाहीर झाले आणि दुसऱ्याच दिवशी ‘द टाइम्स’ने ती बातमी ठळकपणे छापली. सूर्याजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश सुमारे १.७५ विकलांनी (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), म्हणजे न्यूटनच्या नियमावरून निघणाऱ्या मूल्याच्या दुप्पट वळेल, असे आइन्स्टाइन यांच्या सापेक्षता सिद्धांताचे भाकीत होते. मोहिमेच्या १९२० च्या शोधनिबंधानुसार ब्राझीलमधील सोब्राल येथील चांगल्या छायाचित्रांवरून १.९८ आणि आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावरून १.६१ असे आकडे मिळाले. युद्धविरामाला जेमतेम वर्ष होत असताना बर्लिनमध्ये काम करणाऱ्या शास्त्रज्ञाचा सिद्धांत इंग्रजांनी तपासून मान्य करावा, आणि त्या कामात युद्धाला तत्त्वतः विरोध करणारे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन अग्रभागी असावेत, याचे अनेकांना अप्रूप वाटले, आणि ते रास्तच होते. मात्र यावरून विज्ञानजगतात समेट झाला होता असे समजू नये. १९१९ मध्येच स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संशोधन परिषदेने जर्मनीला १९२६ पर्यंत प्रवेश नाकारला होता.